चार वर्षांच्या मुलीचा गुडघा दोन महिन्यांपासून सुजलाय, पण ती दुखतं म्हणत नाही. डॉक्टर संधिवात म्हणतात. एवढ्या लहान वयात होतो का?

होतो. माझ्या मुलीला तिसऱ्या वर्षी झाला, आणि मीही तिथेच अडले होते: दुखत नाही, मग संधिवात कसला? ती सकाळी भिंतीला धरून चालायची, जिन्याच्या प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवायची आणि तासाभरात पळायला लागायची. मला वाटायचं, झोप उडाली नसेल. तो सकाळचा ताठरपणा होता. या वयाची मुलं दुखणं सांगत नाहीत, चाल बदलतात.

16 वर्षांच्या आत सुरू झालेली, किमान 6 आठवडे टिकलेली आणि दुसरं कारण न सापडलेली सांधेसूज म्हणजे जेआयए (जुवेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस), म्हणजे लहान मुलांचा संधिवात. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्याच्या अस्तरावर उलटते. तुमच्या हातून काही चुकलं म्हणून हे झालेलं नाही. आणि आरए फॅक्टर ही संधिवाताची रक्ततपासणी निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होऊ नका, बहुतेक मुलांत ती निगेटिव्हच येते.

एकच गुडघा असेल तर बरेचदा सांध्यातच स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात. आमच्याकडे सूज परत आली, मग मेथोट्रेक्सेट हे प्रतिकारशक्ती आवरणारं औषध सुरू झालं. हे औषध आठवड्यातून एकदाच असतं, चुकूनही रोज द्यायचं नाही. मी कॅलेंडरवर शुक्रवारांना गोल करून ठेवायचे. गुण यायला 6 ते 12 आठवडे लागतात आणि त्या काळात धीर सुटतो, पण डॉक्टरांना न विचारता औषध थांबवू नका. त्यानेही भागलं नाही तर बायोलॉजिक, म्हणजे सूज वाढवणारा नेमका घटक अडवणारी, इंजेक्शनं आहेत. बऱ्याच मुलांची औषधं पुढे बंद होतात, काहींना आजार पुन्हा उलटतो. व्यायाम मात्र रोज हवा. झोपताना गुडघ्याखाली उशी देऊ नका. बरं वाटतं, पण गुडघा वाकलेलाच राहायला लागतो.

डोळ्यांची तपासणी झाली का? नसेल तर लगेच करून घ्या. या आजारात डोळ्याच्या आत सूज येऊ शकते, पण बहुतेकदा डोळा ना लाल होतो, ना दुखतो, आणि नजर कायमची जाऊ शकते. एएनए ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह असलेल्या लहान मुलांना धोका जास्त, त्यांना साधारण दर 3 महिन्यांनी स्लिट लॅम्पवर (डोळ्यांच्या डॉक्टरांच्या सूक्ष्मदर्शकावर) तपासतात. माझी मुलगी बारीक मणी ओवत होती, तरी दुसऱ्या तपासणीत तिच्या उजव्या डोळ्यात सूज सापडली. वेळेत थेंब सुरू झाले म्हणून तो डोळा आज नीट आहे.