उत्तर बरोबर, तरी गुण का कापले?

प्रश्न : माझी मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली आणि यंदा अकरावी विज्ञान शाखेत आहे. ‘50 ग्रॅम नायट्रोजन आणि 10 ग्रॅम हायड्रोजन यांपासून अमोनिया तयार करताना लिमिटिंग रिएजंट कोणता?’ या प्रश्नावर तिने ‘हायड्रोजन, कारण तो वजनाने कमी आहे’ असे लिहिले. पुस्तकातले उत्तरही हायड्रोजन हेच आहे; तरीही क्लासमध्ये तिचे निम्मे गुण कापले गेले. तिचे नेमके काय चुकले?
— एक पालक, मुलुंड

उत्तर : गुण कापले ते योग्यच झाले, कारण आपल्या मुलीचे उत्तर योगायोगाने जुळले आहे. लिमिटिंग रिएजंट, म्हणजे मर्यादाकारी अभिक्रियाकारक, याचा अर्थ जो आधी संपतो आणि त्यामुळे उत्पादित किती मिळणार हे ठरवतो तो पदार्थ. तो दुसऱ्या पदार्थापेक्षा कमी असतो असे नाही. अभिक्रियेला त्याची जेवढी गरज आहे, त्या मानाने तो कमी पडतो. ही गरज संतुलित समीकरणात लिहिलेली असते : नायट्रोजनच्या 1 रेणूला हायड्रोजनचे 3 रेणू लागतात आणि अमोनियाचे 2 रेणू तयार होतात. समीकरण रेणूंची संख्या सांगते, तराजू मात्र ग्रॅम दाखवतो, म्हणून आधी ग्रॅमचे मोल (म्हणजे रेणूंचे ठरावीक संख्येचे गठ्ठे) करावे लागतात.

नायट्रोजनच्या 1 मोलचे वस्तुमान 28 ग्रॅम आणि हायड्रोजनच्या 1 मोलचे 2 ग्रॅम असते. त्यामुळे 50 ग्रॅम नायट्रोजन म्हणजे सुमारे 1.79 मोल आणि 10 ग्रॅम हायड्रोजन म्हणजे 5 मोल. येथे दुसरा सापळा आहे, आणि माझ्या मते तो पहिल्यापेक्षा फसवा आहे : ज्याचे मोल कमी तो आधी संपेल, असे समजून बरेच विद्यार्थी नायट्रोजनवर बोट ठेवतात. प्रत्यक्षात प्रत्येकाच्या मोलला समीकरणातल्या त्याच्या गुणांकाने भागायचे असते. नायट्रोजनसाठी 1.79 भागिले 1 म्हणजे 1.79, आणि हायड्रोजनसाठी 5 भागिले 3 म्हणजे सुमारे 1.67. लहान आकडा हायड्रोजनचा, म्हणून तोच आधी संपतो. मग 5 मोल हायड्रोजनपासून जास्तीत जास्त सुमारे 3.33 मोल, म्हणजे 56.7 ग्रॅम अमोनिया मिळेल आणि सुमारे 3.3 ग्रॅम नायट्रोजन शिल्लक राहील. बेरीज पुन्हा 60 ग्रॅम भरते. हा ताळा मुलीने प्रत्येक गणितात करून पाहावा.

आता हायड्रोजन 10 ग्रॅमच ठेवून नायट्रोजन 28 ग्रॅम घ्या. नायट्रोजनचा भागाकार 1 येतो आणि हायड्रोजनचा 1.67 तसाच राहतो. वजनाने जवळजवळ तिप्पट असलेला नायट्रोजन आधी संपतो, 34 ग्रॅम अमोनिया मिळतो आणि 4 ग्रॅम हायड्रोजन उरतो. मुलीचा नियम येथे लगेच कोसळतो.

भागाकार कशासाठी, हे मिसळीवरून चटकन कळते. एका प्लेटला दोन पाव द्यायचे असतील आणि बारा वाट्या मिसळ व वीस पाव असतील, तर संख्येने जास्त असूनही पाव दहाव्या प्लेटलाच संपतात. मात्र पाव मोजता येतात, रेणू मोजता येत नाहीत. मोलची पायरी ही उपमा शिकवत नाही, म्हणून तिच्यावर फार विसंबू नये.

कारखान्यात मर्यादाकारी पदार्थ कोणता असावा हे पुष्कळदा मुद्दाम ठरवलेले असते. आपल्या मुंबईत चेंबूरच्या आरसीएफ (राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स) या खत कारखान्यात यूरिया तयार होतो. त्या अभिक्रियेत 1 मोल कार्बन डायऑक्साइडला 2 मोल अमोनिया लागतो, पण यूरियाच्या निर्मितीत सामान्यतः अमोनिया त्याहून जास्त ठेवतात. त्यामुळे कार्बन डायऑक्साइडचा अधिक हिस्सा यूरियात बदलतो आणि उरलेला अमोनिया परत वापरला जातो.

मुलीला हे डोळ्यांनी पाहायचे असेल, तर दोन पेल्यांत प्रत्येकी 4 टक्के ॲसिटिक आम्ल असलेले 100 मिलिलीटर व्हिनेगर घ्यावे. प्रत्येक पेल्यात सुमारे 4 ग्रॅम आम्ल असते आणि ते संपायला सुमारे 5.6 ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. एका पेल्यात 3 ग्रॅम आणि दुसऱ्यात 10 ग्रॅम सोडा थोडाथोडा टाकून, फसफस थांबेपर्यंत नीट ढवळावे. मग दोन्हींत थोडे ताजे व्हिनेगर ओतावे. पहिल्या पेल्यात काहीच होणार नाही, कारण तेथे सोडा आधीच संपलेला आहे. दुसरा पेला पुन्हा फसफसेल.