वस्तीतली मंडळं, बचत गट यांचा मुलांना मारहाणीपासून वाचवायला खरंच उपयोग होतो का? आमच्या सोसायटीत असा गट कसा काढावा?

होतो. पण मंडळ न्यायनिवाडा करायला बसलं की उपयोग सोडाच, पोर जास्त मार खातं. गट कसा काढावा ते खाली सांगते, आधी हे ऐका.

ठाण्यात वागळे इस्टेटच्या मागे, डोंगराला लागून आमची बैठी चाळ. शेजारच्याने गावाहून भाच्याला आणलं, शाळेत घालतो म्हणून. पोरगं नऊ-दहा वर्षांचं. पाण्याला तेच यायचं. नंबर लागला की मागच्या बाईला म्हणायचं, "काकू, तुम्ही भरा आधी." वाटायचं, किती गुणी! मग लक्षात आलं, सगळ्यांचे हंडे भरून झाले तरी हा कळशी घेऊन तिथेच. त्याला घरी जायचंच नसायचं. मानेमागे पट्ट्याचा वळ दिसला तेव्हा आमच्या बचत गटाने विषय मंडळाच्या ऑफिसात नेला.

अध्यक्षांनी मामाला बोलावलं, चहा मागवला आणि गणपतीच्या फोटोवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. झाला निकाल! मी तिथेच म्हटलं, आता हा चहाडी केली म्हणून मारेल. तर मला म्हणाले, "वहिनी, घरातला मामला आहे, ताणू नका." त्या रात्रीपासून शेजारी टीव्ही मोठ्याने लागायला लागला. टीव्ही कशासाठी ते अख्ख्या चाळीला कळत होतं.

मी १०९८ लावला, म्हणजे मुलांसाठीची हेल्पलाइन. चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, फोन करणाऱ्याचं नाव बाहेर सांगत नाहीत. वय, पत्ता, घरात कोण कोण, पोर आत्ता कुठे आहे, एवढं विचारलं. हेल्पलाइनची माणसं आली, पोराला बालकल्याण समितीपुढे नेलं, म्हणजे अशा मुलांनी कुठे राहायचं ते ठरवणाऱ्या सरकारी समितीपुढे. ताब्यात घेतल्यापासून प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत न्यावंच लागतं. चौकशी होऊन पोरगं मुरबाडला वडिलांच्या आईकडे गेलं. सांभाळणाऱ्यानेच छळ केला तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे पोलिसांनी सांगितल्यावर मामाचा आवाज बसला. शपथेने नव्हता बसला.

मंडळात मात्र मी अजून 'चाळीचं नाव घालवणारी'.

आता तुमचा गट. अंगणवाडी सेविका, शाळेतल्या एखाद्या बाई, वॉचमन आणि दिवसभर घरी असणाऱ्या दोन-तीन आज्या घ्या. लेटरहेड नको, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तर नकोच, पोराचं नाव अर्ध्या तासात ठाण्यापासून कळव्यापर्यंत पोचतं. बघायचं, तारीख टाकून लिहून ठेवायचं, फोन करायचा, बास. कुणाच्या घरी चौदाच्या आतलं पोर कामाला दिसलं तर तेही यातच, मालकीणबाई कितीही ओळखीच्या असोत.

लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर बैठक नावाचा प्रकारच नको. पोक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, त्याच्या कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे, गप्प बसणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचारावरून बदलापूरला लोक रुळावर उतरले, तो राग खरा होता. पण रुळावर उतरायची वेळ येते ती आधी कुणी वेळेवर ऐकून घेत नाही म्हणून.

हां, आईने एक धपाटा घातला म्हणून लगेच १०९८ लावू नका. आणि पोर घरातून काढलं की सगळं सुटतं असंही नाही. आमच्या पोराला आजी होती, सगळ्यांना नसते. कधीकधी पाठपुराव्याला चपला झिजतात.

आमचे अध्यक्ष हे वाचतीलच. भाऊ, त्या निवाड्याच्या चहा-वड्याचे पैसे वर्गणीतून गेले होते, ते अजून हिशेबाच्या वहीत चढलेले नाहीत.