रेडमी घ्यावा की पोको, दोन्ही शाओमीचेच ना?
गेमिंगसाठी त्याच पैशात ताकदवान प्रोसेसर हवा असेल तर पोको बघा. दुकानात हाताळून घ्यायचा असेल आणि कव्हर, काच गल्लीतल्या दुकानात मिळायला हवी असेल तर रेडमी. कंपनी एकच, कित्येकदा फोनही जवळपास तोच: चीनमधला रेडमी के३० भारतात २०२० मध्ये पोको एक्स२ म्हणून आला, रेडमी नोट १२ टर्बो चीनबाहेर पोको एफ५ झाला. म्हणून नावापेक्षा स्टोरेजचा प्रकार तपासा. स्वस्त मॉडेलमध्ये बरेचदा ईएमएमसी ५.१ (जुनं, संथ प्रकारचं स्टोरेज) असतं, ते भरत आलं की अ‍ॅप उघडताना, अपडेट होताना फोन अडखळतो. किमान यूएफएस २.२ (त्याहून वेगवान स्टोरेज) हवंच. मात्र अँड्रॉइड अपडेट किती वर्षं मिळणार हे ब्रँडवर नाही, मॉडेलवर ठरतं. ते घेण्याआधी नक्की पाहा.