स्पोर्ट्स पॅक घेतलं तर डे मॉइनमध्ये जायंट्सच्या मॅच दिसतील का?

तुमचा प्रश्न असा: कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून आयोवातल्या डे मॉइनला आलो, डायरेक्टीव्ही या डिश कंपनीचं स्पोर्ट्स पॅक घेतलं तर तिकडचं एनबीसी स्पोर्ट्स बे एरिया चॅनल लागतं म्हणतात, मग सॅन फ्रान्सिस्कोच्या जायंट्सच्या (बेसबॉल) आणि वॉरियर्सच्या (बास्केटबॉल) मॅच दिसतील ना, की खात्यावर जुन्या घराचाच पत्ता ठेवावा?

नाही दिसणार. चॅनल दिसेल, मॅच दिसणार नाही. आणि पत्त्याचा विचार तर मनातूनच काढून टाका. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिते, कारण या एका गोष्टीवरून आमच्या घरात जे वाजलं ते अजून पुरतं मिटलेलं नाही.

स्पोर्ट्स पॅक म्हणजे देशभरातली प्रादेशिक स्पोर्ट्स चॅनल. त्यांवर मॅचच्या आधीच्या गप्पा, नंतरची चर्चा, काही कॉलेजचे सामने, मुलाखती, जुन्या मॅच असं बरंच काही असतं. पण बेसबॉल, बास्केटबॉल, हॉकीची व्यावसायिक मॅच सुरू झाली की परगावच्या गिऱ्हाइकाला पडदा बंद. त्या चॅनलने हक्क घेतलेले असतात ते आपापल्या टापूपुरते. टापूबाहेरचे हक्क लीग स्वतः विकते. बेसबॉलचं एमएलबी एक्स्ट्रा इनिंग्ज, बास्केटबॉलचं एनबीए लीग पास. म्हणजे तुम्हाला हवंय ते स्पोर्ट्स पॅक नव्हेच.

हे मी 2016 च्या उन्हाळ्यात आमच्या धाकट्या भावोजींना फोनवर सांगत होते. ते डब्लिनला राहतात, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या. आमचं घर आयोवातल्याच एम्सच्या बाहेर, तिन्ही बाजूंना मका. तेव्हा आमच्याकडे इंटरनेट इतकं रडायचं की साधा व्हिडिओ कॉल धड व्हायचा नाही, त्यामुळे ॲपवर मॅच बघायचा प्रश्नच नव्हता. छतावरची डिश हाच आधार. आणि सासरे मिरजेहून सहा महिन्यांसाठी यायचे होते.

बाबा रेल्वेत गार्ड होते. 2016 च्या आधी आम्ही कॅलिफोर्नियात सॅन होजेला असताना ते येऊन गेलेले, तेव्हाच 2014 चा जायंट्सचा सीझन त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला होता. जायंट्सचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, बमगार्नर अंतिम मालिकेच्या सातव्या मॅचला मधेच येऊन पाच इनिंग टाकून गेला, ते बाबा मिरजेत जाऊन लोकांना सांगायचे. त्यांच्यासाठी मॅचइतकीच कॉमेंट्री महत्त्वाची. आयुष्यभर रेडिओवर बाळ ज. पंडितांचं मराठी धावतं वर्णन ऐकलेला माणूस. जायंट्सचे कॉमेंटेटर ड्वेन कायपर आणि माइक क्रुको या दोघांचं इंग्रजी त्यांना सगळं कळत नव्हतं, पण आवाज चढला की काय झालं असणार हे बरोबर कळायचं. ते म्हणायचे, ही दोघं घरची माणसं आहेत, दुसऱ्या चॅनलवरची नुसती नोकरी करतात. फुलस्केप वहीत पट्टीने रेघा मारून स्कोअर लिहायचे. स्ट्राइकआउटचा (तीन स्ट्राइकला बॅटर बाद) के लाल पेनने, बाकी सगळं निळ्याने. 6-4-3 म्हणजे चेंडू शॉर्टस्टॉपकडून सेकंड बेसकडे आणि तिथून फर्स्टकडे, हे त्यांना माझ्या नवऱ्याच्या आधी पाठ झालं होतं.

तर भावोजींनी आम्हाला न विचारता स्वतःच्या कार्डावर आमच्या खात्यात स्पोर्ट्स पॅक टाकून दिलं. "वहिनी, सगळं सेट आहे, बाबांना फक्त रिमोट द्या." मी म्हटलं, भावोजी, हे पॅक नव्हे, एक्स्ट्रा इनिंग्ज लागेल. तर म्हणाले, "तुम्ही उगाच खर्च वाढवताय. चॅनल आलं की मॅच आलीच."

सॅन फ्रान्सिस्कोची रात्रीची मॅच तेव्हा आमच्याकडे सव्वानवाला सुरू व्हायची. बाबा त्यासाठी दुपारी मुद्दाम झोपले. साडेआठपासून वही उघडून, दोन्ही पेनं शेजारी ठेवून बसले. चॅनल लागलं. तेव्हा त्याचं नाव कॉमकास्ट स्पोर्ट्सनेट बे एरिया होतं, एनबीसी नाव 2017 मध्ये आलं. मॅचच्या आधीचा कार्यक्रम व्यवस्थित दिसला, मैदान दिसलं, आजच्या पिचरबद्दल बोलणं झालं. बाबांनी दोन्ही टीमची नावं वहीत उतरवून घेतली. आणि मॅच सुरू व्हायच्या वेळेला पडदा काळा, वर चौकट: हा कार्यक्रम तुमच्या भागात उपलब्ध नाही. बाबांना वाटलं वायर हलली. ते उठून टीव्हीच्या मागे बघायला लागले.

भावोजींना फोन केला तर त्यांचा पहिला उपाय काय? "खात्यावर सर्व्हिस ॲड्रेस माझा द्या, डब्लिनचा."

इथे माझं त्यांच्याशी वाजलं, आणि आजही मी त्या मतावर ठाम आहे. खोटा पत्ता देणं हे कराराविरुद्ध आहेच, पण ते क्षणभर बाजूला ठेवू. डिशवर लोकल चॅनल पत्त्याप्रमाणे मिळतात. उपग्रह ती स्पॉट बीमने, म्हणजे ठरावीक भागापुरत्या अरुंद झोताने पाठवतो. पत्ता कॅलिफोर्नियाचा केला की डे मॉइनची लोकल चॅनल तुमच्या बॉक्सवरून जातात, आणि बे एरियाची लोकल येत नाहीत, कारण त्यांचा झोत आयोवापर्यंत पोचतच नाही. म्हणजे केसीसीआय गेलं, डब्ल्यूएचओ गेलं. तुम्ही नवीन आहात म्हणून सांगते, मे-जूनमध्ये टोर्नेडोचा भोंगा वाजला की इथे माणूस सगळ्यात आधी लोकल चॅनल लावतो. कुठल्या काउंटीत, कुठल्या रस्त्याजवळ, किती मिनिटांत, हे तेच सांगतात. इंटरनेट रडतंय अशा घरात हे चॅनल बंद करून बेसबॉल बघायचा? 10 ऑगस्ट 2020 ला डेरेचो, म्हणजे सरळ रेषेत सुटणारं प्रचंड वादळ, आलं तेव्हा सीडर रॅपिड्सची काय दशा झाली ते इथल्या कुणालाही विचारा. भावोजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही फार घाबरता." घाबरण्याचा काय संबंध? ते राहतात तिथे भोंगे वाजत नाहीत.

आम्ही दुसऱ्या दिवशी एक्स्ट्रा इनिंग्ज घेतलं. त्यातल्या मॅच 700 च्या पुढच्या नंबरांवर लागायच्या, बहुतेक वेळा दोन्ही टीमच्या कॉमेंट्रीसकट. बाबांना त्यांचे कायपर-क्रुको मिळाले.

पण सगळ्या मॅच नाही, आणि खरा राग मला याचा आहे. आयोवात एकही मेजर लीग टीम नाही. तरी बेसबॉल लीगने हे राज्य सहा टीमचा "घरचा" टापू ठरवून ठेवलं आहे: कब्ज, व्हाइट सॉक्स, कार्डिनल्स, रॉयल्स, ट्विन्स आणि ब्रूअर्स. जायंट्सची मॅच यांपैकी कुणाशीही असेल, मग ती ओरॅकल पार्कमध्ये का असेना, एक्स्ट्रा इनिंग्जवर तुम्हाला दिसणार नाही. ती त्या दुसऱ्या टीमच्या चॅनलवर बघायची, आणि ते चॅनल तुमच्या पॅकेजमध्ये असेलच असं नाही. कब्जची मॅच त्यांच्या मार्की चॅनलवर मिळेल, पण कॉमेंट्री कब्जच्या माणसांची. लास व्हेगासचीही हीच गत, तिथेही सहा टीम. मला हा सरळसरळ अन्याय वाटतो. पैसे मोजायला तयार असलेल्या माणसाला मॅच विकायचीच नाही, हा कुठला धंदा?

यात दर वेळी डिशवाल्यांना शिव्या घालण्यातही अर्थ नाही. भावोजी अजून म्हणतात की कंपनीने फसवलं. टापू लीग ठरवते, डिश कंपनी फक्त बटण दाबते. 2012 मध्ये प्रेक्षकांनी याविरुद्ध खटला भरला, त्यात लीगबरोबर डायरेक्टीव्हीही प्रतिवादी होती. 2016 च्या जानेवारीत तडजोड झाली आणि एमएलबी टीव्ही या लीगच्या इंटरनेट सेवेवर एकाच टीमचं स्वस्त पॅकेज मिळायला लागलं, पण टापूंची भिंत तशीच राहिली. लॉस एंजेलिसचं बघा. 2014 पासून 2020 पर्यंत डॉजर्सचं चॅनल डायरेक्टीव्हीवर नव्हतं. डॉजर्सचे कॉमेंटेटर व्हिन स्कली 2016 मध्ये निवृत्त झाले, त्यांचे शेवटचे सीझन त्यांच्याच गावातल्या असंख्य घरांत दिसले नाहीत, आणि तेव्हा आयोवातला माणूस एक्स्ट्रा इनिंग्ज घेऊन डॉजर्स बघू शकत होता.

आता तुमच्या कामाचं. वॉरियर्ससाठी लीग पास वेगळं घ्यावं लागेल. तिथेही तुमच्या झिप कोडला लागू असलेल्या टीमशी मॅच असली तर बंद, आणि राष्ट्रीय चॅनलवरच्या मॅच त्यात नसतात. 2025-26 पासून त्या एनबीसी आणि ॲमेझॉनकडेही गेल्या आहेत. बेसबॉलच्या काही शुक्रवारच्या मॅच 2022 पासून ॲपलकडे असतात, त्या कुठल्याच पॅकमध्ये येत नाहीत. डिश नेटवर्क या दुसऱ्या कंपनीचा विचार करत असाल तर या कामासाठी करू नका, त्यांनी 2019 पासून प्रादेशिक चॅनल एकेक करून सोडली. स्पोर्ट्स पॅक घ्यायचंच असेल तर वॉरियर्सच्या मॅचनंतरची चर्चा, कॉलेजचे खेळ यांसाठी घ्या, त्यासाठी ते चांगलं आहे.

एक मात्र सांगायला हवं. तुम्ही डे मॉइन शहरात असाल आणि इंटरनेट चांगलं असेल तर डिशची गरजच नाही, लीगचं ॲप घ्या, टापूचे नियम तिथेही तेच आहेत. शिवाय हे सगळं दरवर्षी हलतंय. बॅली स्पोर्ट्स ही प्रादेशिक चॅनल चालवणारी कंपनी मार्च 2023 मध्ये दिवाळखोरीत गेली, 2025 पासून ट्विन्सच्या मॅच लीग स्वतःच दाखवायला लागली. म्हणून पैसे भरण्याआधी लीगच्या साइटवर नवा झिप कोड टाकून ब्लॅकआउटची, म्हणजे तुमच्या भागात बंद असलेल्या टीमची, यादी बघा, आणि जायंट्सच्या वेळापत्रकात या सहा टीमशी किती मॅच आहेत ते मोजा. कंपनीला फोन केलात तर "चॅनल येईल का" असं विचारू नका. अमुक तारखेची अमुक मॅच माझ्या पत्त्यावर थेट दिसेल का, असं विचारा. भावोजींनी तेव्हा एवढा एक प्रश्न विचारला असता तर पुरलं असतं.