मालवाहू विमान कंपनीत संप चालू असताना दुसऱ्या कंपनीच्या पायलटने तो माल उडवला, तर तो संपफोड्या ठरतो का?

तुम्ही विचारलंय की संप एका कंपनीच्या पायलटांचा आहे, दुसऱ्या कंपनीचा पायलट आपली नेहमीची नोकरी करतोय, आणि त्याच्या विमानात संपवाल्या कंपनीची पार्सलं चढली तर त्याला संपफोड्या का म्हणायचं. शिवाय नुकता लागलेला, कर्जात बुडालेला पोरगा अशा वेळी काय करणार, हेही विचारलंय.

आधी माझं उत्तर सांगतो. महिन्याच्या रोस्टरमध्ये, म्हणजे ड्यूटीच्या वेळापत्रकात, आधीच लागलेली फेरी जो उडवतो, त्याला मी संपफोड्या म्हणणार नाही. पण सुट्टीच्या दिवशी फोन आला आणि जास्तीच्या पैशांवर तीच पार्सलं न्यायला जो गेला, त्याने संप फोडला, मग छातीवर बिल्ला कोणत्याही कंपनीचा असो. मी स्वतः पायलट नाही. अमेरिकेत मालवाहतुकीच्या धंद्यात फ्लाइट डिस्पॅचर आहे. कॅप्टनबरोबर उड्डाणाच्या आराखड्यावर सही करणारा माणूस म्हणजे मी. नेहमीची फेरी कुठली आणि ऐनवेळी घुसवलेली कुठली, हे आम्हाला लगेच कळतं.

प्रवासी विमानांचा संप सगळ्यांना दिसतो. विमानतळावर लोक अडकतात, टीव्हीवाले माइक घेऊन पोहोचतात. मालाचा संप रात्री दोन वाजता, कुंपणापलीकडे होतो. आणि पार्सल कोणत्या विमानातून आलं याच्याशी घेणाऱ्याला काही देणंघेणं नसतं. त्यात इथली व्यवस्थाच अशी आहे की माल एकाचा, विमान दुसऱ्याचं. डीएचएल ही परदेशी मालकीची पार्सल कंपनी. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे तिला इथली विमान कंपनी स्वतःच्या ताब्यात ठेवता येत नाही. म्हणून ती एबीएक्स, ॲटलस, कलिटा अशा कंपन्यांकडून विमान, पायलट, देखभाल आणि विमा असं सगळं एकत्र भाड्याने घेते. ॲमेझॉननेही सुरुवात अशीच केली. अशा धंद्यात एका कंपनीचे पायलट थांबले, की गिऱ्हाईक पहिला फोन शेजारच्या कंपनीला करतं.

२०१६ च्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या दोन दिवस आधी, एबीएक्सचे सुमारे अडीचशे पायलट संपावर गेले. कंपनी माणसं पुरेशी भरत नाही आणि सुट्टीच्या दिवशी सक्तीने कामावर बोलावते, ही त्यांची तक्रार होती. दुसऱ्याच दिवशी फेडरल न्यायाधीशांनी त्यांना कामावर परत जायला लावलं. आता यातली गंमत बघा: एबीएक्स आणि ॲटलस, दोन्हीकडचे पायलट तेव्हा टीमस्टर्स या मोठ्या अमेरिकन कामगार युनियनच्या एकाच शाखेचे, लोकल १२२४ चे सभासद होते. युनियन एक, गिऱ्हाइकं बरीचशी तीच, पण करार वेगळे आणि मालक वेगळे. विमान कंपन्यांना लागू असलेल्या रेल्वे लेबर ॲक्टखाली स्वतःचा संप करायलाही आधी सरकारी मध्यस्थी लागते, ती फसली की आणखी तीस दिवस थांबावं लागतं. दुसऱ्याच्या संपासाठी थांबता येईल की नाही, हे बरंचसं आपापल्या करारातल्या कलमावर ठरतं, आणि तसं थांबायचं नाही असं कलम मालक हमखास घालून घेतात.

दुसऱ्याच्या संपासाठी थांबणं जमलं तेव्हा काय झालं, याचं उदाहरण म्हणजे यूपीएस या पार्सल कंपनीतला १९९७ चा संप. हा मुळात पायलटांचा नव्हताच. ४ ऑगस्टला ट्रक चालवणारे, पार्सलं निवडणारे, विमानात माल भरणारे असे १,८५,००० टीमस्टर्स बाहेर पडले. त्यांतले निम्म्याहून जास्त अर्धवेळ कामगार होते, आणि नव्या अर्धवेळ माणसाचा सुरुवातीचा पगार १९८२ पासून तासाला ८ डॉलरवर अडकलेला होता. पायलटांची युनियन वेगळी, इंडिपेंडंट पायलट्स असोसिएशन, साधारण दोन हजार सभासदांची. पायलट आणि विमानाच्या पोटात खोकी रचणारा पोरगा यांच्या पगारात जमीन-अस्मानाचं अंतर. तरीही पायलटांनी पिकेट लाइन, म्हणजे संपवाल्यांनी गेटवर धरलेली रांग, ओलांडली नाही आणि कंपनीची बहुतेक सगळी विमानं जमिनीवर राहिली. मॅनेजर मंडळींनी उडवलेल्या थोड्या फेऱ्यांनी काय होणार? पंधरा दिवसांत कंपनीला मिटवावं लागलं: पाच वर्षांत दहा हजार नव्या पूर्णवेळ नोकऱ्या, अर्धवेळवाल्यांना चांगली पगारवाढ, आणि पेन्शन फंड युनियनकडून काढून घेण्याचा बेत रद्द.

पायलट काही साधुसंत नव्हते, हेही सांगायला हवं. त्यांची स्वतःची करारबोलणी तेव्हा अडकलेली होती आणि आज आपण थांबलो तर उद्या खालची माणसं आपल्यासाठी थांबतील हा हिशेब त्यात होताच. मला त्यात काही वावगं वाटत नाही. एकजूट अशाच हिशेबावर टिकते, नुसत्या भावनेवर ती पहिल्या पगाराच्या तारखेपर्यंतच चालते.

त्याच पंधरा दिवसांत फेडेक्स या प्रतिस्पर्धी कंपनीकडे रोज लाखो जास्तीची पार्सलं वळली. तिथल्या लोकांनी जादा तास काम करून ती पोहोचवली. पुढच्याच वर्षी, १९९८ च्या नाताळ हंगामाच्या तोंडावर, फेडेक्सच्या पायलटांनी ओव्हरटाइम नाकारायची हाक दिली. कंपनीने बाहेरून विमानं आणि ट्रक घेण्याची तयारी चालवली आणि नोव्हेंबर संपायच्या आत युनियनला माघार घ्यावी लागली. आपला माल दुसरीकडून जाऊ शकतो हे पायलटांना आणि कंपनीला, दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

हे सगळं मला कळतं ते थोडंफार मी भिवंडीत वाढलो म्हणून. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या गिरण्या बंद पडल्या, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. पण बाजारात कापड येत राहिलं, कारण मालकांनी ते भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर विणून घेतलं. आमच्या गल्लीतले माग रात्रभर खडखडत असायचे. त्या मागवाल्यांना कोणी संपफोडे म्हटलं नाही. म्हणणार तरी कसं, ते तर गिरणी कामगारापेक्षा गरीब, ना युनियन ना भविष्यनिर्वाह निधी, बरेचसे उत्तरेतून किंवा तेलंगणातून पोटासाठी आलेले. लालबाग-परळमध्ये गेटवर पहारा कितीही कडक ठेवला, तरी काम दुसऱ्या गावाला निघून गेलं होतं. म्हणून गिऱ्हाईक फिरवलेल्या मालाला तुम्ही हात लावता की नाही, हा प्रश्न मला गेट ओलांडण्यापेक्षा मोठा वाटतो. मात्र नकार द्यायची ऐपत असलेला आणि नसलेला, यांना मी एकाच मापाने मोजत नाही. बोइंगचा कॅप्टन म्हणजे भिवंडीचा मागवाला नव्हे.

कोणी संप फोडला हे पायलट लोक वर्षानुवर्षं विसरत का नाहीत, हे बाहेरच्यांना चमत्कारिक वाटतं. त्याचं मूळ सिनिऑरिटी लिस्टमध्ये, म्हणजे कंपनीत कोण आधी लागला त्या क्रमाच्या यादीत आहे. कोणतं विमान, कोणता तळ, कोणत्या फेऱ्या, दिवाळी-नाताळची सुट्टी, सगळं त्या यादीतल्या तुमच्या क्रमांकावर ठरतं, आणि कंपनी बदलली की वीस वर्षांचा कॅप्टनही तळाला जाऊन बसतो. संपात मध्येच आत शिरणारा माणूस दुसऱ्याच्या जागेवर उडी मारतो. १९८९ मध्ये टीडब्ल्यूए या विमान कंपनीच्या हवाई सेविकांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगूनच टाकलं, की संप सोडून आलेल्या कनिष्ठांना दिलेल्या जागा, संप मिटल्यावर ज्येष्ठांसाठी रिकाम्या करायची सक्ती कंपनीवर नाही. म्हणून कॉन्टिनेंटलचा १९८३ चा आणि ईस्टर्नचा १९८९ चा संप फोडणाऱ्यांच्या नावांच्या याद्या पायलटांमध्ये पुढे कित्येक वर्षं फिरत राहिल्या. दुसऱ्या गावाहून ड्यूटीला येणारे पायलट कॉकपिटमधल्या जंपसीटवर, म्हणजे जादा आसनावर, फुकट बसून येतात, आणि ती जागा द्यायची की नाही हे त्या विमानाच्या कॅप्टनच्या मर्जीवर असतं. यादीतला माणूस दिसला की कॅप्टन 'नाही' म्हणतो, कारण सांगत बसत नाही. मला यातला थोडा भाग क्रूर वाटतो. तिशीत घाबरून केलेल्या गोष्टीसाठी साठीतही कोणी तुमच्याशी जेवणाच्या टेबलावर बोलू नये, हे जरा जास्तच आहे. पण ज्याची जागा गेली, त्याला मी हे तोंडावर सांगू शकणार नाही.

राहिला तुमच्या प्रश्नातला शेवटचा भाग: नुकता लागलेला, कर्जात बुडालेला पोरगा काय करणार? १९८५ मध्ये युनायटेड या विमान कंपनीत पायलटांचा २९ दिवसांचा संप झाला, नव्या भरतीला कमी पगार द्यायच्या बेतावरून. कंपनीने संपाची चाहूल लागताच ५७० नवे पायलट आधीच शिकवून तयार ठेवले होते. त्यांची नोकरी अजून धड सुरूही झाली नव्हती. पिकेट लाइन ओलांडून या, असा निरोप गेल्यावर त्यांतले मोजके सोडले तर कोणी गेलं नाही. संप मिटल्यावर कंपनी त्यांना घ्यायला तयार नव्हती, प्रकरण कोर्टात गेलं आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला. ज्या नव्या भरतीच्या पगारासाठी भांडण होतं ती हीच मंडळी, त्यामुळे आत जाणं म्हणजे स्वतःचाच पगार पाडून घेणं होतं.

तुम्ही स्वतः अशा ठिकाणी असाल, तर आधी तुमच्या करारात दुसऱ्याच्या संपातला माल नाकारण्याबद्दल काय लिहिलंय ते युनियनच्या माणसाकडून समजून घ्या. प्रोबेशनवर असाल तर एकट्याने नकार देऊ नका, लावलेली फेरी उडवा. आणि सुट्टीच्या दिवशी शेड्युलिंगचा, म्हणजे ड्यूटी लावणाऱ्यांचा नंबर फोनवर दिसला, की वाजू द्या.