टाकी गच्चीवर आणि घर सर्वात वरच्या मजल्यावर असेल, तर पाणी वाचवणारा कोणता शॉवर घ्यावा?

कमी दाबावर चालणारा, लहान तोंडाचा साधा हँड शॉवर घ्या. पाण्यात हवा मिसळणारे शॉवर आणि मोठे ‘रेन शॉवर’ तुमच्यासाठी नाहीत. 10 मीटर उंचीमागे साधारण 1 बार दाब मिळतो. तुमची टाकी शॉवरपेक्षा जेमतेम 3 मीटर वर असणार, म्हणजे दाब सुमारे 0.3 बार. तेवढ्यात हवा नीट ओढली जात नाही, धार नुसती ठिबकते. खोक्यावरचा ‘मिनिटाला इतके लिटर’ हा आकडा किती दाबाचा आहे, तेही वाचा. बहुधा तो तुमच्या दाबापेक्षा बऱ्याच जास्त दाबाचा असतो.

पण खरेदीआधी मोजा. आत्ताच्या शॉवरखाली बादली ठेवून एक मिनिट पाणी सोडा. 7-8 लिटरच भरलं, तर नवीन शॉवरने फारसं वाचणार नाही. साबण लावताना पाणी बंद करता येईल असा हँडलवर बटण असलेला शॉवर जास्त उपयोगी. बोअरचं पाणी असेल तर रबरी छिद्रांचा घ्या, क्षार बोटाने चोळून निघतात.

गॅस गिझर असेल तर मात्र जपून: प्रवाह फार कमी झाला की तो पेटत नाही.