बांद्र्याचं तिकीट काढू नकोस

प्रश्न : मी 26 वर्षांची, वसईची. मिस्सात, म्हणजे चर्चच्या उपासनेत, फादर ख्रिस्तप्रसाद वर उचलतात नेमकं तेव्हाच माझ्या मनात येशूबद्दल घाणेरडे शब्द येतात. पवित्र आत्म्याविरुद्धचं, कधीच माफ न होणारं पाप घडलंय का माझ्याकडून? कधी वाटतं, देवच नसेल तर? डॉक्टर ओसीडी (मंत्रचळ) म्हणतात, महिनाभर गोळ्या चालू आहेत. गावच्या फादरांनी ‘तेच तेच सांगायला येऊ नकोस’ म्हटल्यापासून बाजूच्या चर्चमध्ये कन्फेशनला, पापं कबूल करायला, जाते, परवा बांद्र्यालाही गेले. आई बिचारी सोबत येते. माझी श्रद्धा खोटी आहे का, ताई?

उत्तर : श्रद्धेचं राहू दे. मला बांद्र्याबद्दल बोलायचंय.

वसईत पावलापावलावर चर्च असताना तू लोकल धरून तिथवर का गेलीस? तिथले फादर तुला ओळखत नाहीत म्हणून. गावच्या फादरांनी हे पाप नसून आजार आहे हे ताडलं, तर तू त्यांनाच टाळायला लागलीस! आणि परतीच्या गाडीत बरं किती वेळ वाटलं? बोरिवली यायच्या आत ‘तो एक शब्द सांगायचा राहिला’ सुरू झालं असणार. कबुली दिली की घटकाभर भीती उतरते आणि मेंदू धडा घेतो, की धोका खराच होता. पुढच्या खेपेला ती दुप्पट जोराने येते.

जेज्विट या कॅथलिक धर्मसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी 1522 मध्ये तीन दिवस लावून जन्मभराची पापं कबूल केली. तरी तीच पापं छळत राहिली. शेवटी कबुली ऐकणाऱ्या फादरने सांगितलं, मागचं काही काढू नका, अगदी स्पष्ट असेल तेवढंच सांगा. झालं! त्यांना सगळंच स्पष्ट दिसायचं. जुनं पुन्हा कबूल करायचंच नाही असं ठरवलं, तेव्हा कुठे सुटले.

म्हणून या शनिवारी गावच्या फादरांकडे जा. कन्फेशनला नाही, ऑफिसात भेटायला. डॉक्टरांचा कागद दाखव आणि म्हण, मला नियम घालून द्या : कन्फेशन किती दिवसांनी, किती मिनिटं, आणि मनात आपोआप आलेले शब्द त्यात काढायचे नाहीत. ‘फारच वाटलं तर’ अशी फट त्यात नको. दुसऱ्या चर्चला कन्फेशनसाठी जाणं बंद.

आई बिचारी वगैरे काही नाही. तीच तुला प्रत्येक खेपेला नेऊन पोहोचवते. ‘देव माफ करेल ना गं?’ विचारलंस की आता तिने गप्प बसायचं. हे तिला वाचायला दे.

त्या पापाबद्दल एकदाच सांगते. मत्तयाच्या 12व्या अध्यायात येशूने आंधळ्या-मुक्या माणसाला बरं केलेलं परूशी, म्हणजे त्या काळचे कर्मठ ज्यू, ऐकतात आणि तरी ते भुतांच्या अधिपतीचं काम ठरवतात. ‘माफी नाही’ हे येशूचे बोल त्यांना आहेत, मिस्साला घामाघूम होणाऱ्या मुलीला नाहीत. देव आहे की नाही, हे आज रात्री ठरायला हवं असं नाही. प्रश्न राहू दे तसाच, भाजी चिरायला घे.

गोळ्यांना महिना म्हणजे काहीच नाही, अडीच-तीन महिनेही लागतात. मनाने बंद करू नकोस. डॉक्टरांकडून ईआरपी (भीतीला सामोरं जायचं, पण कबुलीसारखी सुटका करायची नाही, हे शिकवणारी थेरपी) करणाऱ्या थेरपिस्टचं नाव घे.

रविवारी मिस्साला बस. शब्द येतील. डोकं झटकू नकोस, ‘माफ कर, माफ कर’ पुटपुटू नकोस, रांगेत उभी राहा आणि ख्रिस्तप्रसाद घे. घरी आल्यावर ‘बरोबर केलं ना, ताई?’ असं लिहावंसं वाटेल. नको लिहूस, मी उत्तर देणार नाही.